तिसरी जात

बरकतपुरा, हैदराबाद
९ जानेवारी २०२४

प्रणिता,

वर 'चि.' लिहावं की 'डॉ.', या विचारात माझी सकाळ गेली. शेवटी दोन्ही सोडून दिलं. अक्षर मुद्दाम मोठं काढतोय. तू इंग्रजी शाळेतली, त्यात अठरा वर्षं तिकडे झेक देशात. अडखळशील, पण वाचशील.

तुझा लेख पोचला. तू पाठवला नाहीस, उदयनं आणून दिला. माझा जुना विद्यार्थी उदय, आता नारायणगुड्याच्या कॉलेजात प्राणिशास्त्राचा विभागप्रमुख आहे. त्यानं बावीस पानं प्रिंट काढून, स्टेपल मारून टेबलावर ठेवली आणि चहा न घेता निघून गेला. तेव्हाच मी काय ते समजलो.

दोन वेळा वाचला. एकदा चष्म्यानं, एकदा भिंगानं. पृष्ठ नऊवर एका मापाचं दशांशचिन्ह चुकलं आहे, ते दुरुस्त करून घे.

समोरच्या घरातले बँकवाले परवा विचारत होते, मुलगी तिकडे नेमकं काय करते. मी नेहमीसारखं सांगितलं की गोड्या पाण्यातल्या माशांच्या कल्ल्यांना अर्ध्या मिलिमीटरचे चपटे कृमी चिकटलेले असतात, त्यांच्या जाती ती ओळखते. वडिलांचंच काम पुढे नेते, हेही म्हणालो. आता हे वाक्य बदलावं लागेल. माझ्या नावावर तीन जाती होत्या. दोन बासरच्या गोदावरीतल्या माशांवरच्या, तिसरी इथल्या हिमायतसागर तलावातल्या. तू तिन्ही रद्द केल्यास.

आणि रद्द करण्याची रीत बघ तुझी. गोदावरीतला एक मासा घेतलास, त्याच्या एकाच कल्ल्यावरचे चाळीस कृमी काढलेस, आणि काचेखाली कुणाला हलकं दाबलंस, कुणाला जोरात. हलक्या दाबाचे कृमी माझ्या पहिल्या जातीच्या मापात बसले, मधल्या दाबाचे दुसऱ्या, जोरात दाबलेले तिसऱ्या. म्हणजे मी ज्या लांबीच्या फरकावर तीन जाती उभ्या केल्या, तो फरक माझ्या अंगठ्याचा होता. माणसानं आपल्या बापाचं काम इतक्या साध्या प्रयोगानं पाडावं, याचा राग यावा की काय यावं, मला ठरवता आलेलं नाही. रागच आला, असं सध्या समज.

पण एका शब्दाला माझी हरकत आहे. माझ्या १९८८च्या लेखातल्या आकृतीला तू 'अविश्वसनीय' म्हटलं आहेस. ती आकृती तुझ्या आईनं काढली होती. मुलींच्या शाळेत तीस वर्षं ड्रॉइंग शिकवणाऱ्या बाईनं, सूक्ष्मदर्शकाला आरसा लावून, कागदावर पडलेल्या प्रतिमेची एकेक रेघ मोजून. ती आज नाही, म्हणून तिच्या हाताबद्दल काहीही लिहावं असं नाही. तो शब्द मागे घे.

तळटीपही वाचली. 'लेखकाच्या सांगण्यानुसार मूळ स्लाइड्स २००० सालच्या पुरात नष्ट झाल्या.' बरोबर आहे. मी तसं सांगितलं होतं.

डोळ्यांचं ऑपरेशन झालं, दोन्ही. काळजी करू नये.

तुझे बाबा


बरकतपुरा
४ फेब्रुवारी २०२४

प्रणिता,

तुझं उत्तर उदयच्या ईमेलवर आलं. दोन ओळी. त्यानं वाचून दाखवल्या आणि खिडकीबाहेर बघत उभा राहिला. 'आईच्या हाताला मी काही म्हटलेलं नाही. ती आकृती ज्या नमुन्यावरून काढली तो मला बघता आला नाही, म्हणून तिच्यावर विसंबता येत नाही, एवढंच लिहिलं आहे.'

बरोबर लिहिलं आहेस. आता माझं ऐक.

स्लाइड्स पुरात गेल्या नाहीत. माझ्या खोलीतल्या पोलादी कपाटात, खालच्या कप्प्यात, लाकडी खोक्यात आहेत. तुला ते ठाऊक होतं, हेही मला ठाऊक आहे. आईच्या वर्षश्राद्धाला आलीस, तेव्हा जेवणं उरकल्यावर तू स्लाइड्स मागितल्यास आणि मी पुराचं सांगितलं. तू ताट बाजूला सारून म्हणालीस, "बाबा, पूर आपल्या गल्लीत आलाच नव्हता. मी त्या वर्षी इथंच होते." मी उठून हात धुवायला गेलो. त्यानंतर विमानतळावर पोचल्याचा तुझा निरोपसुद्धा मला उदयकडून कळला. दोन वर्षं होतील या महिन्यात.

आणि तरीही छापताना तू माझं म्हणणं जसंच्या तसं छापलंस. खोटं आहे हे माहीत असून बापाला खोटं पाडलं नाहीस. त्या तळटीपेवर मी फार वेळ अडकून पडलो होतो. मागच्या पत्रात ते लिहिलं नाही.

का दिल्या नाहीत, तेही सांगतो. तुझ्यासारख्या नजरेनं त्या बघितल्या तर काय दिसेल याचा अंदाज मला होता. माणूस निवृत्त होतो, पण त्याच्या जाती त्याच्या नावानं राहतात, एवढ्यावर मी निवांत होतो.

मंगळवारी दुपारी खोकं काढलं. काचा चिकटवायचं बाल्सम पिवळं पडलंय, पण स्लाइड्स शाबूत आहेत. रिक्षानं उदयच्या कॉलेजात गेलो. त्याच्याकडे नवा सूक्ष्मदर्शक आहे, पडद्यावर चित्र दाखवणारा. पहिल्या दोन जातींचं तू म्हणतेस तेच खरं. कल्ल्याला धरायचे तेच हुक, तीच जननाची नळी, नुसतं कमीजास्त दाबलेलं. मी उदयसमोर तसं मोठ्यानं म्हणालो. तो म्हणाला, "सर, राहू द्या आज." मी म्हटलं, तिसरी लाव.

तिसरी लावली. हिमायतसागरातल्या जेल्ला माशाच्या कल्ल्यावरचा तो एकच कृमी, पस्तीस वर्षांनी परत माझ्यासमोर आला. प्रणिता, दोन मोठ्या हुकांना जोडणारी जी आडवी पट्टी असते, तिच्या मधोमध एक लहान टोक आहे. चोचीसारखं, खाली वळलेलं. बाकीच्या दोन जातींत असं काही नाही, तू रद्द करून ज्या जुन्या जातीत त्यांना घातलंस तिच्यातही नाही. फोटो उदय पाठवतोय. दाबानं पट्टी लांब होईल, वाकडी होईल, पण दाबानं तिला चोच फुटत नाही. माझ्या तिन्ही जातींतली तिसरी बहुतेक खरी आहे.

तू विचारशील, मग ही चोच १९८८च्या आकृतीत का नाही. त्या काळची भिंगं यथातथाच होती. तुझ्या आईच्या नजरेतून सुटली असेल.

बाबा


बरकतपुरा
७ फेब्रुवारी २०२४

प्रणिता,

मागच्या पत्रातलं शेवटचं वाक्य खोटं आहे. पत्र पेटीत टाकून घरी आलो आणि तीन दिवस मला जेवण गोड लागलं नाही. हे पत्र त्याच्या मागोमाग पोचेल. दोन्ही एकाच वेळी मिळाली तर आधी हे वाच.

तुझ्या आईच्या नजरेतून काही सुटलं नव्हतं.

सप्टेंबर १९८८ची गोष्ट. रविवार होता. डिपार्टमेंट बंद, मी किल्ली मागून घेतली होती. तू नऊ वर्षांची, बाहेर व्हरांड्यात खडूनं फरशीवर काहीतरी आखत होतीस. तुझी आई सूक्ष्मदर्शकावर. तिनं पेन्सिलनं पूर्ण आकृती काढली आणि मला बोलावलं.

ती म्हणाली, "या पट्टीला मधे चोच आहे."

मी बघितलं. मला दिसली. मी म्हणालो, "ती घडी आहे. दाबताना पडली असेल. काढून टाक."

तिनं परत डोळा लावला. फोकसचा स्क्रू खालीवर फिरवला, बराच वेळ. म्हणाली, "घडी असती तर फोकस हलवल्यावर सरकली असती. ही जागची हलत नाही."

आता मी काय म्हणालो ते लिहितो. मी म्हणालो, "सुलभा, तू ड्रॉइंगची टीचर आहेस. ते काय आहे हे मला ठरवू दे."

ती म्हणाली, "ठरवा ना. मला फक्त एवढं सांगा, दिसतंय ते काढू की तुम्हाला हवंय ते काढू?"

मी म्हणालो, "मी सांगतो ते."

तिनं दुसरा कागद घेतला, चोच वगळून शाईनं आकृती काढली, तारीख घातली आणि पेन टोपणात घातलं. त्यानंतर तिनं माझ्यासाठी एकही आकृती काढली नाही. तुला आम्ही सांगायचो की शाळेच्या कामातून तिला वेळ होत नाही. तसं नव्हतं. तिनं कधी भांडण केलं नाही, मी कधी विषय काढला नाही, आणि बत्तीस वर्षं आमचा संसार नीट चालला.

मला चोच का नको होती, ते ऐक. माझ्याकडे कृमी एकच होता. चोच खरी म्हटली तर ती दुसऱ्या नमुन्यात दाखवावी लागली असती, म्हणजे पुन्हा हिमायतसागर, पुन्हा मासे, सहा महिने. माझी रीडरपदाची मुलाखत नोव्हेंबरात होती. लांबीचा फरक तयार होता, त्यावर जात उभी राहत होती. निवड समितीवर आमचे विभागप्रमुख नरहरीराव होते, म्हणून जातीला त्यांचं नाव दिलं, 'नरहरीई'. मनातून मी त्या गृहस्थांना कधी मानलं नाही. पद मिळालं.

आणि बघ, जात नवी होती ती त्या चोचीमुळेच. माझ्याच हातात खरा पुरावा होता, तो मी खोडायला लावला, आणि खोट्या पुराव्यावर खरी जात छापली. तू ती रद्द केलीस यात तुझी काही चूक नाही. छापलेल्या कागदावरून कुणीही तेच केलं असतं.

काल तुझ्या आईचं शाळेचं दप्तर उघडलं. जुन्या परीक्षांच्या कागदांखाली ट्रेसिंग पेपरात गुंडाळलेली तिची पेन्सिलची आकृती मिळाली. चोच आहे. कोपऱ्यात स्लाइडचा नंबर, तारीख, मापपट्टी. दुसरं एक अक्षर नाही. तिला बाजू मांडायची असती तर तिनं दोन शब्द लिहिले असते. तिनं फक्त जपून ठेवलं.

मी ती पडद्यावरच्या फोटोशेजारी धरून बघितली. उदयही होता. रेघेला रेघ जुळते. नवा सूक्ष्मदर्शक काही लाखांचा आहे म्हणे. तुझ्या आईच्या वेळी आरशाच्या कडेला चीर होती. माझा ऊर भरून आला, आणि त्याच वेळी मान वर करवेना.

तुला काय लिहायचं ते लिही. नाही लिहिलंस तरी मला कळेल.

बाबा


बरकतपुरा
२८ एप्रिल २०२४

प्रणिता,

तुझा फोन आला त्या दिवशी मी नीट बोललो नाही. तू रडत होतीस की तिकडची सर्दी होती, हेही विचारायचं राहिलं. म्हणून हे पत्र.

तू कामाचंच बोललीस, ते फार बरं केलंस. एका स्लाइडवर जात उभी राहत नाही, ताजे नमुने हवेत, त्यांचा डीएनए वाचून घ्यायला हवा. मान्य. नमुने देशाबाहेर पाठवायला परवानग्यांचं लांबलचक काम असतं, तेव्हा वाचन इथंच करून घेऊ, तुला अक्षरं पाठवू, असं उदय म्हणतो.

तर गेले सात आठवडे मी मासे गोळा करतोय.

आठवड्यातून दोनदा, उजाडताना, उदयच्या गाडीतून हिमायतसागरच्या बांधावर जातो. तिथं यादम्मा नावाची कोळीण बसते. जेल्ला म्हणजे आपली शिंगटी, मिशीवाली, पाठीवर काटा असलेली. तिला कुणी फार भाव देत नाही. पहिल्या दिवशी मी पंधरा जेल्ला उचलून एकेकीचे कल्ले उघडून बघायला लागलो, तेव्हा यादम्मा म्हणाली, "क्या सार, गलफडे होना क्या? मछली नक्को?"

उदयनं तिला समजावलं की सरांना कल्ल्यांतले किडे हवे आहेत. तिचा चेहरा उतरला, मग चढला. तिच्या मासळीत किडे आहेत असं बांधावर चारचौघांत कुणी म्हणावं, हे तिला सोसलं नाही. मी दहा मिनिटं माझ्या मोडक्या दखनीत सांगत राहिलो की अम्मा, हे सगळ्याच माशांना असतात, डोळ्यांना दिसत नाहीत, माणसाला काही करत नाहीत, आणि माझी मुलगी परदेशात याच किड्यांवर मोठी साहेब आहे. मुलीचं ऐकल्यावर ती निवळली. तेव्हापासून जेल्ला आली की ती माझ्यासाठी ओल्या गोणपाटाखाली बाजूला काढून ठेवते.

कॉलेजात शिल्पा म्हणून एम.एस्सी.ची मुलगी आहे, काचीगुड्याची, आपलीच मराठी. मराठी बोलते, वाचता येत नाही. माझा हात आता थरथरतो, हे तुला सांगितलं नव्हतं. कल्ला बरणीत घालून हलवणं, गाळ बशीत ओतणं इथपर्यंत मी करतो. सुईच्या टोकावर कृमी उचलून काचेवर ठेवणं तिच्याकडे. सुई कशी धरायची ते मी शिकवलं. तीन दिवसांत ती माझ्यापेक्षा बरं उचलायला लागली. काचेखाली मुळीच दाबायचं नाही, आपोआप बसू द्यायचं, हे मात्र मी तिला तुझा लेख समोर ठेवून शिकवलं.

सदतीस मासे झाले, प्रत्येकावर जुनीच जात. उदय धीर द्यायला लागला, म्हणजे त्याचा धीर सुटला होता. मीही मनात म्हणत होतो, ती चोच त्या एका कृमीचीच विकृती निघाली तर? मग तुझी आई आणि मी दोघंही वेगवेगळ्या वाटेनं चुकलो असं होईल. खरं सांगायचं तर मला तिचं चुकणं नको होतं. माझं काय व्हायचं ते होवो.

परवा शुक्रवारी, अडतिसावा मासा. मी बाकावर टेकून बसलो होतो. शिल्पा सूक्ष्मदर्शकावर. म्हणाली, "सर, याच्या पट्टीला मध्ये कायतरी हाय. घाण असंल. सोडून देऊ का?"

मी म्हणालो, "फोकस खालीवर कर. सरकतं का बघ."

तिनं केलं. म्हणाली, "नाही सरकत."

मी म्हणालो, "मग काढ. जसं दिसतंय तसं."

ती काढत होती तोवर मी उठलो नाही. तिचं झाल्यावर मी डोळा लावला. चोच होती. त्याच कल्ल्यावर तसेच आणखी पाच मिळाले, कालच्या माशांवर नऊ. पंधराच्या पंधरांना चोच आहे, प्रणिता. दहा अल्कोहोलमध्ये ठेवले आहेत, पाचांच्या स्लाइड्स केल्या.

घरी येताना यादम्मासाठी मोसंबी घेऊन ठेवली. पुढच्या फेरीला नेईन.

बाबा


बरकतपुरा
१९ ऑगस्ट २०२४

प्रणिता,

काल फोनवर आपण भांडलो. दोन वर्षं अबोला धरून जे साधलं नाही ते वीस मिनिटांत झालं. मला बरं वाटलं. तरी माझं म्हणणं कागदावर राहावं, म्हणून लिहितो.

डीएनएची अक्षरं आली, तू लावून बघितलीस, आणि चोचवाले सगळे वंशवृक्षाच्या एका फांदीवर वेगळे बसले, जुन्या जातीपासून चांगल्या अंतरावर. जात खरी. नियमाप्रमाणे नाव जुनंच राहणार, पहिलं छापलेलं. म्हणजे नरहरीराव कायमचे राहणार. तू हसलीस ते मला ऐकू आलं. मीही हसलो. असो, त्यांचंही काही पुण्य असेल.

आता वादाचं. तुझ्या मसुद्यात लिहिलं आहेस की मूळ आकृतीत चोचीचा तपशील 'छपाईत सुटला असावा'. मी म्हणालो, छपाईनं काही केलेलं नाही. तू म्हणालीस, "बाबा, विज्ञानाला चोच आहे एवढं पुरतं. ती कुणी खोडली हे कुणी विचारत नाही. कशाला तुमचं नाव आणायचं?"

तू हे माझ्यासाठी म्हणतेस. पुराच्या तळटीपेत जे केलंस तेच पुन्हा. मला त्याची किंमत आहे, तरी ते मी पुन्हा घेणार नाही. 'सुटला असावा' असं वाचणाऱ्याला वाटेल, चित्र काढणाऱ्याकडून सुटला. १९८८च्या त्या लेखात तुझ्या आईचे साधे आभारसुद्धा नव्हते, ते मी मानायला हवे होते. आता तिचं नाव पहिल्यांदा छापून येणार, तेही संशयासकट? नाही चालायचं.

म्हणून खालची वाक्यं माझ्या सहीनं पाठवतो. इंग्रजी तू कर, अर्थ बदलू नकोस.

'मूळ रेखाटनात पट्टीवरची चोच बरोबर दाखवलेली होती. छापण्याच्या आकृतीतून ती लेखकाच्या सांगण्यावरून वगळण्यात आली. रेखाटनकार सुलभा उदगीरकर यांनी त्या वेळी हरकत घेतली होती. मूळ स्लाइड्स पुरात नष्ट झाल्याची माहिती लेखकानं दिली होती, ती चुकीची होती. स्लाइड्स उपलब्ध आहेत.'

लेखावर माझं नाव घालायचा आग्रह सोड. तू, शिल्पा, उदय, या तिघांचं काम आहे. शिल्पाला दुसरं स्थान दे, नमुना तिनं शोधला. माझं नाव जातीच्या मागे आहेच, 'उदगीरकर, १९८८', ते नियमानं कुणाला काढता येत नाही. खरं सांगू, आता ते तिथं असल्याची मला लाज वाटत नाही, कारण त्याच्या खाली काय झालं होतं ते छापलेलं असेल.

स्लाइड्स मी स्वतः नेऊन अत्तापूरच्या सरकारी संग्रहालयात दिल्या. पावती आहे. तिथल्या बाईंनी खोकं उघडून विचारलं, इतकी वर्षं कुठे होत्या? मी म्हटलं, माझ्याकडे.

बाबा


बरकतपुरा
२२ नोव्हेंबर २०२४

प्रणिता,

लेख आला. या वेळी तुझ्याकडून, टपालानं, वर माझा पत्ता तुझ्या मराठी अक्षरात. 'बरकतपुरा'तला 'र्क' जोडून काढलास, असू दे.

तिसऱ्या पानावर पूर्ण पानभर तुझ्या आईची पेन्सिलची आकृती. खाली 'रेखाटन : सुलभा उदगीरकर, सप्टेंबर १९८८'. शेजारी शिल्पाची यंदाची. दोघींची चोच सारखीच वळलेली. माझी पाचही वाक्यं आहेत, अर्थ बदललेला नाहीस. ती मी उभ्यानं वाचली.

उदयनं एम.एस्सी.च्या वर्गात बोलायला बोलावलं होतं. मी तुझा पहिला लेख आणि हा, दोन्ही समजावून सांगितले. माझ्या जाती तू कशा पाडल्यास ते फळ्यावर आकृत्या काढून दाखवलं. इतक्या हौसेनं मी स्वतःच्या शोधांवरही कधी बोललो नव्हतो. शेवटी एका मुलीनं विचारलं, सर, मॅडमनी हरकत घेतली होती तर तुम्ही ऐकलं का नाही? मी म्हणालो, मुलाखत जवळ आली होती, आणि बायकोला माझ्यापेक्षा जास्त दिसतं हे मला चालणार नव्हतं. त्या मुलीनं थँक यू म्हटलं.

काल हयातीचा दाखला द्यायला नामपल्लीला पेन्शनच्या ऑफिसात गेलो. लेख पिशवीत होता. हल्ली तो पिशवीत असतो. खिडकीवर किशोर नावाचे पन्नाशीचे कारकून बसतात, बिदरकडचे, मराठी बोलतात. माझा फॉर्म बघत म्हणाले, "सर, आज खुशीत दिसता."

मी म्हणालो, "माझ्या मुलीनं माझ्या तीनांतल्या दोन जाती रद्द केल्या."

त्यांचं पेन थांबलं. रांगेतल्या दोघांनी माना वळवल्या. किशोर आवाज खाली आणून म्हणाले, "जात अशी रद्द होते का सर?"

"होते. पुरावा नसला की होते."

"मग तिसरी?"

"तिसरी राहिली. तिचा पुरावा सापडला."

मग मला त्यांची दया आली. मासे, कल्ले, कृमी, सगळं सांगितलं, लेख काढून पान उघडून दिलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि आकृती डोळ्यांजवळ नेली.

"हे काढलं कोणी?"

"माझ्या पत्नीनं."

"आणि लिहिलं?"

"मुलीनं."

"यात तुम्ही काय केलं, सर?"

विचारण्यात खोच नव्हती. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. मी म्हणालो, "मासे आणले."

ते हसले, शिक्का मारला, पुढच्या वर्षी भेटू म्हणाले. मी जिना उतरून फाटकापर्यंत आलो तेव्हा लक्षात आलं की लेख त्यांच्याकडेच राहिला. परत वर गेलो. किशोर खिडकी सोडून शेजारच्या टेबलापाशी उभे होते, तिथल्या दोन बायकांना ते पान दाखवत. एकीनं बोट न लावता, जरा वरूनच, तुझ्या आईच्या रेघेवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "कितना साफ हाथ है."

मी दारातच थांबलो, त्यांचं बघून होईपर्यंत.

तुझे
बाबा